ग्रुपने 300 किमीची सायकल राइड आणि आयुष्य: ही तुलना नेमकी कुठे लागू पडते?

पेडलवाली

नमस्कार मंडळी,

आठ जणांच्या ग्रुपची 300 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) जवळ आली आहे. वेळमर्यादा 20 तास. ग्रुपमध्ये दोघं चांगले दमदार आहेत, चौघं मध्यम, आणि उरलेल्या दोघांची 200 च्या वरची ही पहिलीच राइड. आदल्या संध्याकाळी सगळ्यांशी पंधरा-वीस मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलंय. "राइड म्हणजे आयुष्यच" हे वाक्य अशा वेळी हमखास येतं, पण त्यातून दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काय करायचं हे कोणाला कळत नाही.

तुलना मला टाकून द्यायची नाही. लांबच्या पल्ल्याला एकत्र जाणं आणि एकत्र जगणं यात खरंच काहीतरी सारखं आहे असं मला वाटतं. पण ते एखाद्या ठोस कृतीतून दाखवता आलं तरच बोलण्यात अर्थ आहे. म्हणून विचारते. पुढे कोणी राहायचं आणि किती वेळ? मागे पडणाऱ्यासाठी कुठे आणि किती थांबायचं? एकाची सायकल बिघडली तर बाकी सात जणांनी काय करायचं? आणि ही तुलना कुठे लागू पडत नाही, तेही सांगा. ज्यांनी ग्रुप नेलेत त्यांच्याकडून तपशिलात ऐकायला आवडेल.

---

समोरचा_वारा

पेडलवाली ताई, सुरुवात वाऱ्यापासून करा, कारण ग्रुप करून जाण्यामागचं मूळ कारण वारा हेच आहे. सपाट रस्त्यावर ताशी 25 च्या पुढे गेलं की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताशी 24 वरून 27 वर गेलात तर वेग साडेबारा टक्क्यांनी वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद 42 टक्क्यांनी. पुढच्या चाकाच्या आडोशाला असलेल्याची एकूण मेहनत या वेगाला साधारण पाव ते एक तृतीयांश वाचते. आणि कोणी मागे असलं की पुढच्यालाही दोन-तीन टक्क्यांचा फायदा होतो, कारण त्याच्या पाठीमागे तयार होणारी कमी दाबाची जागा मागच्यामुळे थोडी भरून निघते.

हे शेवटचं वाक्य नवख्या दोघांना आवर्जून सांगा. आडोशाला राहणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जाणं, अशी टोचणी त्यांच्या मनात असते. त्यापायी झेपत नसताना ते पुढे येतात आणि दीडशे किलोमीटरला संपतात. मागे नीट राहणं हेही काम आहे.

आता पुढे राहण्याबद्दल. ज्याच्यात जोर आहे त्याने जास्त वेळ पुढे राहावं, जास्त वेगाने नाही. दमदार माणसं पाच-सहा मिनिटं घेतील, मध्यम दोन-तीन, नवख्यांनी तीस सेकंद ते एक मिनिट घेतलं तरी पुरे. वेग ग्रुपचा तोच राहिला पाहिजे. नेहमी होणारी चूक अशी: दुसऱ्या नंबरवरचा माणूस आडोशात ताजातवाना असतो, पुढे आला की उत्साहात ताशी दोन-तीन किमी वाढवतो. नुकताच पुढून बाजूला झालेला माणूस त्या क्षणी सगळ्यात दमलेला असतो आणि त्याला शेवटचं चाक पकडायला जीव काढावा लागतो. असं चार फेऱ्या झालं की तोच माणूस सुटतो. म्हणून पुढे येण्याआधी मीटरवरचा आकडा बघायचा आणि तोच धरायचा. चढ लागला की आकडा विसरायचा आणि पायावरचा जोर तेवढाच ठेवायचा.

बाजूला होण्याची रीत: आधी खांद्यावरून मागे बघा, कोपर हलवून खूण करा, मग सरका. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सरकणं चांगलं, म्हणजे पुढे जाणारी रांग तुमच्या आडोशाला राहते. वाहनांची वर्दळ असेल तर मात्र वारा विसरून सुरक्षित बाजू निवडा. पेडल थांबवू नका, हलकं करा, ताशी दोन किमीचा फरक पुरेसा आहे. ब्रेक तर अजिबात नको. शेवटच्या माणसाचं पुढचं चाक तुमच्या कमरेजवळ आलं की तेव्हाच पुन्हा जोर लावायला लागा. तो पूर्ण पुढे गेल्यावर लावाल तर उशीर झालेला असतो.

तुलना मला इथे सगळ्यात खरी वाटते. घरात एखाद्याचं लांबलेलं आजारपण काढायचं असतं तेव्हा सगळ्यात धडधाकट माणूस आपल्या वेगाने सगळं ठरवायला लागतो: औषधं, पाहुणे, जागरणं. बाकीचे त्याच्या वेगाने धावतात आणि एकेक करून गळतात. त्याने जास्त दिवस उचलावेत, पण दिवसाचा वेग इतरांना पेलेल असाच ठेवावा.

---

शेवटचा_दिवा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी मागच्या टोकाबद्दल लिहितो, कारण ग्रुप फुटतो तो नेहमी मागून.

आठ जणांच्या रांगेत पहिल्याने वेग ताशी दोन किमीने कमी केला की दुसरा अंमळ उशिरा प्रतिसाद देतो, म्हणून त्याला थोडं जास्त कमी करावं लागतं. तिसऱ्याला आणखी जास्त. आठव्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा जोरात ब्रेक झालेला असतो, आणि मग पुढचे निघाले की त्याला धाप लागेस्तोवर पळावं लागतं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकाला हेच. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच सरासरीने पहिला आणि आठवा वेगवेगळी राइड करतात.

आणि नवखा माणूस संकोचाने नेमका आठव्या जागी जाऊन बसतो. "मी मागेच राहतो, तुमची अडचण नको" असं म्हणतो. त्याला तिथे राहू देऊ नका. नवख्यांना तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवा आणि एका दमदार माणसाला कायमचा शेवटचा नेमा. संसारात, कामाच्या ठिकाणी, कुठेही संकोची माणूस असाच शेवटची जागा घेतो आणि सगळे धक्के त्याच्यापर्यंत मोठे होऊन पोचतात. त्याला "हिंमत ठेव" सांगण्यापेक्षा त्याची जागा बदलणं जास्त उपयोगाचं.

अंतर किती ठेवायचं? सरावलेले लोक अर्धा ते एक मीटर ठेवतात. नवख्यांनी दीड-दोन मीटर ठेवावं, तरी फायदा मिळतो. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवायची नाही, त्याच्या कमरेवर-खांद्यावर आणि त्याच्या पलीकडच्या रस्त्यावर ठेवायची. बोटं ब्रेकवर. आणि आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच घुसवायचं नाही. तो जरासा जरी सरकला तरी त्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकाला घासतं. त्याचं हँडल मोकळं असतं, तो सावरतो. तुमचं हँडल अडतं, तुम्ही पडता. म्हणजे चूक पुढच्याची असली तरी पडणारा मागचाच.

म्हणूनच पुढच्याचं वागणं अपेक्षेप्रमाणे असायला लागतं. चढावर पेडलवर उभं राहताना सायकल अर्धी वीत मागे येते. मागचा जवळ असेल तर तेवढं पुरतं. उभं राहण्याआधी एक गिअर जड करा, "उभा राहतोय" म्हणून सांगा, आणि पाय खाली जात असताना त्यावर जोर ठेवूनच उठा. खड्डा, खडी, मागून गाडी, वेग कमी: हे सगळं तोंडाने ओरडून मागेपर्यंत पोचवायचं, प्रत्येकाने पुढच्याचा शब्द उचलायचा. रात्री हाताच्या खुणा दिसत नाहीत. मागचे दिवे लुकलुकते न ठेवता स्थिर ठेवा आणि किंचित खाली झुकवा, नाहीतर मागच्याला तासन् तास डोळ्यांत प्रकाश सहन करावा लागतो. ग्रुपमधला विश्वास अशा बारीक गोष्टींवर उभा असतो. पुढचा मनाने कितीही चांगला असला आणि न सांगता ब्रेक मारत असला, तर त्याच्या मागे कोणी जवळ राहत नाही, आणि जवळ राहिलं नाही की आडोसाही मिळत नाही.

आता थांबण्याबद्दल. चढावर वेग ताशी पंधराच्या खाली आला की आडोशाचा फायदा नगण्य होतो. तिथे सगळ्यांना एकत्र ठेवण्याचा हट्ट सोडा. प्रत्येकाने आपल्या श्वासाप्रमाणे चढावं. माथ्यावर नाही, माथा ओलांडून जिथे रस्ता रुंद आहे आणि दुरून दिसतं तिथे, रस्त्यापासून बाजूला थांबावं. आणि हा नियम अगदी लिहून द्या: शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटांनी निघायचं. बहुतेक ग्रुप शेवटचा दिसला की उठतात. म्हणजे जो सगळ्यात दमला त्याला विसावा शून्य, आणि ज्याला गरज नव्हती त्याला पंधरा मिनिटं. त्याच्यासाठी "थांबलो होतो" असं सगळ्यांना वाटतं, पण त्याच्या वाट्याला त्यातलं काही आलेलं नसतं.

वेळेचा हिशेबही मांडून दाखवा. 300 किमी ताशी 22 ने चाललात तर सायकलवर 13 तास 38 मिनिटं. ताशी 23 ने गेलात तर 13 तास 3 मिनिटं. एवढा जोर लावून वाचतात 35 मिनिटं. उलट आठ जणांनी आपापल्या कारणाने प्रत्येकी एकदा दहा मिनिटं ग्रुप थांबवला तर 80 मिनिटं गेली. म्हणून पाणी, शौच, जॅकेट काढणं-घालणं, चेनला तेल, सगळं ठरलेल्या थांब्यावर, एकाच वेळी. 50 ते 60 किमीवर 12-15 मिनिटांचा एक थांबा ठेवा.

---

क्विक_लिंक

बिघाडाच्या प्रश्नावर थोडक्यात.

स्वतःचं स्वतः बाळगायचं: आपल्या टायरच्या मापाच्या दोन ट्यूब (व्हॉल्व्हची लांबी रिमला पुरेल अशी), लिव्हर (टायर काढायची पट्टी), पंप, पॅच, चेन जोडायची कडी म्हणजे क्विक लिंक, आपल्या चेनच्या स्पीडची (10, 11 आणि 12 स्पीडच्या लिंक एकमेकींना चालत नाहीत), आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा). हँगर दुसऱ्याचा बसेलच असं नाही, त्यामुळे "ग्रुपमध्ये कोणाकडे तरी असेल" हा भरवसा इथे कामाचा नाही. सामायिक: चेन तोडायचं हत्यार एक, फाटलेल्या टायरला आतून लावायचा तुकडा, घडीचा टायर एक, झिप टाय, टेप.

पंक्चर झालं की दोघांनी काम करायचं, बाकीच्यांनी खायचं-प्यायचं. चाकाभोवती आठ माणसं जमली की लिव्हर हरवतो. एक जण चाक काढून ट्यूब बाहेर काढतो, दुसरा कारण शोधतो. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी ठेवलं असेल तर ट्यूबवरचं भोक टायरवर कुठे येतं ते लगेच सापडतं. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक: टायरमध्ये काटा किंवा वाहनांच्या टायरमधली बारीक तार अडकलेली. कापड गुंडाळलेलं बोट टायरच्या आतून सावकाश फिरवा, उघडं बोट नको. शेजारी-शेजारी दोन चिरा: हवा कमी होती, रिम आणि खड्ड्याच्या मध्ये ट्यूब चिमटली. आतल्या, रिमच्या बाजूला भोक: रिम टेप (रिमच्या आतली, ट्यूबला जपणारी पट्टी) सरकलीय. कारण न शोधता नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर तीही जाते, आणि मग लोक ट्यूबला दोष देतात. घरातलं भांडण लवकर मिटावं म्हणून कारण न बघता "जाऊ दे, सोड" म्हणतात ते याच जातीचं. ताई, तुलना हवीच असेल तर ही घ्या, लोकांना चटकन पटेल.

राइडच्या आदल्या दिवशी नवीन काहीही बसवू नका. सॅडल, क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी), बूट, टायर, सगळं निदान दोन मोठ्या राइड चाललेलं असावं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दबतेय: दर दहा मिनिटांनी पकड बदला आणि सॅडलचं नाक खाली झुकलंय का बघा, कारण मग सगळा भार हातांवर येतो.

---

मोकळा_वेग

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. "ग्रुप राइड म्हणजे आयुष्य" म्हणताना कोणती ग्रुप राइड, हे आधी ठरवायला हवं. या खेळातच दोन परंपरा आहेत आणि त्यांचं शंभर वर्षांपूर्वी बिनसलं.

1897 मध्ये काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात गेले. त्यातून "ऑडॅक्स" हे नाव आलं. 1904 मध्ये ते फ्रान्समध्ये आलं आणि ऑडॅक्स क्लब पॅरिझियन स्थापन झाला. त्या पद्धतीत सगळा ग्रुप रोड कॅप्टनच्या मागे एका ठरलेल्या वेगाने जातो, आज तो साधारण ताशी 22.5 किमी असतो. कॅप्टनच्या पुढे जायचं नाही, सगळ्यांनी मिळून पोचायचं. 1921 मध्ये त्याच क्लबने दुसरी वाट धरली: प्रत्येकाने आपल्या वेगाने जावं, फक्त किमान-कमाल मर्यादेत. आजची बीआरएम ही त्या दुसऱ्या वाटेची. जुन्या पद्धतीचे ऑडॅक्सही वेगळ्या संघटनेकडे चालू राहिले.

म्हणजे तुम्ही ज्या राइडला जाताय तिचे नियम मुळात एकट्या माणसासाठी आहेत. ब्रेव्हे कार्ड (वाटेत शिक्के घ्यायचं कार्ड) प्रत्येकाचं वेगळं, शिक्का प्रत्येकाला वेगळा. ग्रुप उशिरा पोचला तर "आम्ही थांबलो होतो" ही सबब चालत नाही. 600 किमीपर्यंत मधले कंट्रोल (शिक्का घ्यायची ठरलेली ठिकाणं) ढोबळमानाने ताशी 15 च्या हिशेबाने बंद होतात. 180 किमीचा कंट्रोल सुटल्यापासून 12 तासांनी. त्यामुळे फुटायचं कधी, हे निघण्याआधी शांत डोक्याने ठरवा. माझी सूचना: 180 ला हातात तासाभरापेक्षा कमी वेळ उरला असेल तर दोन गट करायचे. रात्री कोणीही एकटा सोडायचा नाही, प्रत्येक गटात निदान तिघं, एक चेनचं हत्यार, एक जादा दिवा. हे आधी ठरलेलं असेल तर त्याला दगा म्हणत नाहीत. मध्यरात्री रस्त्यात ठरवलं तर तोच निर्णय वर्षभर बोचतो.

तुलना कुठे लागू पडत नाही, असं तुम्ही विचारलंय. राइडमध्ये मार्ग आधी माहीत असतो, चढ किती मीटरचा तेही. अंतर आणि शेवटची वेळ ठरलेली असते. आणि सगळ्यात मोठा फरक: इथे प्रत्येकाने स्वतःहून नाव नोंदवलेलं असतं. घरातल्या लहान मुलाने किंवा अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाने तुमच्या वेगाने चालायला संमती दिलेली नसते. त्यांच्या बाबतीत "वेळेत पोचलो नाही म्हणून गट फोडला" हा न्याय लागू होत नाही. तिथे जुन्या ऑडॅक्सचाच नियम: कॅप्टनने वेग धरायचा आणि कोणी सुटलेलं चालत नाही. आपलं शिक्षण, करिअर, छंद यात मात्र दुसरी पद्धत बरी. तिथे इतरांच्या चाकाला चिकटून राहण्याच्या नादात माणसं स्वतःचा वेग कोणता होता तेच विसरतात. हा फरक तुम्ही बोलताना केलात तर तुलना खरी होईल.

---

पेडलवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच मिनिटांचा नियम आणि आधी ठरवून फुटणं, दोन्ही लिहून घेतलं.

एक राहिलं. नवख्यांपैकी एक जण असा आहे की त्रास होत असला तरी बोलत नाही. "ठीक आहे" एवढंच म्हणतो. त्याला आतून काय चाललंय हे कसं ओळखायचं? आणि सोडायची वेळ आलीच तर?

---

शेवटचा_दिवा

"ठीक आहेस ना?" हा प्रश्नच विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा: शेवटचं कधी खाल्लंस, काय खाल्लंस? बाटलीत किती पाणी उरलंय? लघवीला शेवटचं कधी गेलास? तीन तासांपूर्वी म्हणाला तर त्याला पाणी कमी पडतंय. ही उत्तरं लपवता येत नाहीत, आणि देणाऱ्याला कमीपणाही वाटत नाही.

साखर संपत आली की बोलण्याच्या आधी वागणं बदलतं. गप्पा मारणारा गप्प होतो. रस्त्यावर सरळ रेष धरता येत नाही, चाक हातभर इकडेतिकडे जातं. खड्डा आला तरी पुढे शब्द पोचवत नाही. सपाटीवर विनाकारण गिअर बदलत राहतो. साध्या बोलण्यावर चिडतो. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की थांबवा. 30-40 ग्रॅम पटकन मिळणारी साखर (एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं येतात, त्याच्या जोडीला दोन-तीन चमचे साखर पाण्यात), थोडं थोडं पाणी, आणि 15-20 मिनिटं हळू. एकदम भरपूर खायला घालू नका, पोट ते घेत नाही आणि उलटी होते. मुळात वेळ येऊ नये म्हणून सुटल्यापासून तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात त्याहून जास्त आणि त्यात मीठ. मीटरवर दर वीस मिनिटांचा गजर सगळ्यांनीच लावा. एकट्याला लावायला सांगितला तर तो खट्टू होईल.

सोडण्याबद्दल. साखर आणि विसाव्याने ठीक होणारं काय आणि न होणारं काय, हे वेगळं करा. भूक, थंडी, वैताग, झोप यांवर उपाय आहे. डोळे मिटत असतील तर 15-20 मिनिटं सुरक्षित जागी झोपू द्या, मग बघा. पण गुडघ्यात एका ठिकाणी टोचणारी आणि पेडलगणिक वाढणारी कळ, छातीत दुखणं, बोलताना गोंधळ, गरमीत घाम थांबणं यात राइड तिथेच संपली, मत विचारायचं नाही. शेवटच्या तिन्ही लक्षणांत वैद्यकीय मदत आधी बोलवा.

बाकी वेळी निर्णय त्याचा, पण तो चढाच्या मध्यावर किंवा उपाशीपोटी घ्यायला लावू नका. "पुढच्या कंट्रोलवर जाऊ, खाऊ, दहा मिनिटं बसू, मग ठरव." त्यानंतरही तो नको म्हणाला तर पुन्हा आग्रह नको. एक जण त्याच्यासोबत गाडी येईपर्यंत थांबेल, आणि तो कोण हे आदल्या संध्याकाळीच ठरवा, म्हणजे तिथे कोणाला त्याच्यासमोर वाटाघाटी कराव्या लागणार नाहीत. आयोजकांना फोन करून तो बाहेर पडल्याचं कळवा, नाहीतर ते रात्रभर त्याला शोधतात. त्याच्याकडची जादा ट्यूब आणि दिवा ग्रुपला हवा असेल तर तो गाडीत नीट बसल्यावर मागा, त्याआधी नको.